नऊ भावंडं, एक तार आणि पेटीभर फोटो: हे सगळं ठेवायचं कसं?

बोरीकाठ

मंडळी, रामराम. जरा सविस्तर लिहितेय, कारण सल्ला खरंच हवा आहे.

माझे वडील नऊ भावंडांतले. पाच भाऊ, चार बहिणी. गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. सगळ्यांत मोठे जिभाऊ भुसावळला रेल्वेत होते. त्यांच्या पाठची अक्का शिरपूरकडे दिलेली. मग आप्पा, अमळनेरला प्रताप मिलमध्ये. नाना घरची शेती बघायचे. माई नंदुरबारला, तात्या शिक्षक, ताई सुरतेला, मग माझे वडील आणि सगळ्यांत धाकटी फुई. आता फुई तेवढी आहे, धुळ्याला असते.

जिभाऊंच्या घरचं सामान हलवताना वहिनीने एक पत्र्याची पेटी माझ्या स्वाधीन केली. वर फोटो, खाली लोखंडी तारेला टोचलेली पत्रं. गावाहून जिभाऊंना गेलेलं जवळपास प्रत्येक कार्ड त्यांनी जपलेलं. सगळ्या कार्डांना मधोमध भोक आहे. एकात 'आशीर्वाद'मधला 'शी' गेलाय, दुसऱ्यात बैलाची किंमतच गेलीय.

आता चुलतभावंडांत दोन मतं आहेत. एक म्हणतात, ज्याचं त्याला वाटून द्या. दुसरे म्हणतात, एका घरी एकत्र ठेवा. तुमच्याकडे काय केलंत?

आणखी एक. सगळ्या कुटुंबाचा म्हणून एकच फोटो आहे, वाड्याच्या ओट्यावर काढलेला. आजी-आजोबा खुर्चीत, भोवती मुलं. मागे पेन्सिलीने फक्त 'अखाजी' (म्हणजे अक्षय्य तृतीया) लिहिलंय, साल नाही. त्यात मुलं दहा आहेत. दहावी मुलगी कोण, हे आमच्या पिढीत कोणालाच सांगता येत नाही.

तापीतीर

एकत्रच ठेवा. आमच्या आजोबांचे फोटो चार मुलांत वाटले गेले. आज दोन घरांत नुसत्या चौकटी उरल्यात, आत देवांची चित्रं बसवलीत.

सुरतकर खानदेशी

तापीतीर, मला नाही पटत. एका घरी ठेवलं की बाकीच्या आठ घरांना ती वस्तू परकी होते. आमच्यासारखे सुरतेत उधना-लिंबायतला येऊन राहिलेले कितीतरी. पोरं इथेच जन्मली, गुजराती शाळेत शिकली, गाव पाहिलं ते लग्नाकार्यापुरतं. माझ्या घरात आजीचा खरा, हातात धरता येईल असा एक फोटो आहे म्हणून मुलगी विचारते तरी, ही कोण. मोबाईलवरचा फोटो कोणी दोनदा बघत नाही. ज्याचं त्याला द्या.

फोटोवाला चाळीसगाव

वाटायचं की ठेवायचं ते नंतर ठरवा, आधी पेटी माळ्यावर असेल तर खाली आणा. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त तापतं. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीपासून उंच, भिंतीला न चिकटवता ठेवा. कसर आणि वाळवी दोन्ही बघा.

काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका. काचेसकट स्कॅन करा. ओढला की चेहऱ्यावरचा थर काचेला राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. फाटलेल्याला चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा वळ पुढे उठतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वर प्लॅस्टिकचा पडदा असलेले अल्बम असतील तर त्यातले फोटो जपून सोडवा, तो गोंद कागद खातो. रंगीत फोटो आधी स्कॅन करा, कृष्णधवल नंतर. कृष्णधवलमध्ये चांदी असते, ती टिकते. रंगीतमधले रंग उडतात, निळसर छटा आधी जाते म्हणून जुनी लग्नं सगळी गुलाबी दिसतात.

साधा फोटो 600 डीपीआयला, छोटा चौकोनी असेल तर 1200 ला. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का बऱ्याचदा तिथेच असतो.

आमचं गाव छायाचित्रकार केकी मूस यांचं. त्यांच्या राहत्या घराचं आज संग्रहालय आहे. ते बघून आलेला माणूस घरचा फोटो पिशवीत कोंबत नाही, एवढं सांगतो.

कळण्याची भाकरी

दहावी मुलगी शेजारची असेल. फोटोवाला गावात आला की आळीतली सगळी पोरं ओट्यावर चढायची. आमच्या घरच्या फोटोत तर न्हाव्याचा पोऱ्या आमच्या काकांच्या मांडीवर बसलाय, आणि सगळ्यांपेक्षा तोच सुंदर दिसतो.

आमच्याकडे अकरा होते. माझी आजी एकाला हाक मारायची तर आधी पाच नावं घ्यायची, मग गाईचं, मग बरोबर नाव. ज्याला हाक असेल त्याला आपसूक कळायचं.

भरीतवाला

अकरा माणसांना भरीत किती वांग्यांचं लागत असेल, मी तेच मोजतोय.

कळण्याची भाकरी

वांगी बामणोदची असतील तर कमी लागतात. तुरकाठ्यांवर भाजलेली आणि लाकडी बडजीत ठेचलेली.

धुळेकर

बामणोदची मोठी हे मान्य, पण भरिताला आमच्याकडची चव. बोरीकाठ ताई, तुमच्या धाग्यावर भाजी निवडायला बसलो, माफ करा. अखाजीचा फोटो म्हणजे लेकी माहेरी आलेल्या असणार. त्यामुळे सगळे एकत्र सापडले. दहावी मुलगी एखाद्या लेकीबरोबर आलेली नणंद असू शकते.

टपालप्रेमी

कार्डांवरून साल काढता येतं, आणि कार्डात फोटोचा उल्लेख असेल तर फोटोचंही. तिकिटावर आणे असतील तर 1957 च्या आधीचं. 'नये पैसे' असेल तर 1957 ते 1964 मधलं, कारण 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली आणि 1 जून 1964 ला 'नये' गळलं. छापील कार्डं काही दिवस पडून राहायची, त्यामुळे थोडं पुढेमागे धरा. पत्त्यात 'जि. पूर्व खानदेश' असेल तर साधारण 1960 पर्यंतचं. त्या साली जिल्ह्याचं नाव जळगाव झालं, पण जुनी माणसं पुढेही पूर्व खानदेशच लिहीत, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचं नक्की.

मोडीत काही असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात विचारा. मोडी वाचणारं माणूस तिथून कळेल.

बोरीकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. पेटी माळ्यावरच होती, खाली घेतली.

टपालप्रेमींच्या सांगण्यावरून कार्डं लावायला घेतली आणि एक गोष्ट दिसली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. पत्रं आजीची आहेत, पण आजीला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि त्या वेळी घरात शाळेत जाणारं जे असेल ते लिहायचं. मायना तोच, 'अनेक आशीर्वाद, इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवणे', पण अक्षर बदलत जातं. आधी आप्पांचं, टोकदार. ते मिलमध्ये लागले तसं नानांचं, ओळी उतरत्या. मग तात्यांचं, ते पोरवयातसुद्धा मास्तरांचंच. कोण घरात आहे आणि कोण बाहेर पडलं, ते अक्षरावरून कळतं.

मुलींचं अक्षर मजकुरात एकाही कार्डावर नाही. माई चौथीपर्यंत शिकली होती तरी नाही. पण कार्ड आडवं धरलं की कडेच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने बारीक ओळी दिसतात. त्या माईच्या. भावाने पत्र लिहून ठेवलं की टपालात पडायच्या आधी ती आपलं काहीतरी घालायची. 'दादा, मला रिबीन आणा, हिरवी.' 'काळी गाय मेली, आईने सांगू नको म्हटलं.' आजीने जे जे लपवलं ते सगळं कडेला आहे. मी माईला पाहिलं ते पन्नाशीनंतर, कमी बोलणारी, डोक्यावरचा पदर कधी न ढळलेली. हे वाचून मला ती नव्याने भेटली.

फोटोतही एक घोळ आहे. 'स्थळाला दाखवायचे' म्हणून अमळनेरच्या स्टुडिओत काढलेले तीन फोटो आहेत. तिन्हींत तीच साडी, तीच नथ, तीच कोरीव खुर्ची. एक अक्का, एक माई. तिसरी ताई असं आम्ही धरून चाललो होतो, पण सुरतेची चुलतबहीण म्हणते, ही माझी आई नाही.

फोटोवाला चाळीसगाव

साडी आणि दागिने बघू नका, ते घरात एकच असत आणि प्रत्येकीला आळीपाळीने घातले जात. हात बघा. कान बघा. वय वाढलं की पाळी लोंबते, पण कानाची ठेवण सहसा फारशी बदलत नाही. आणि गोंदण. त्या काळात आपल्याकडे मुलींच्या हातावर, कपाळावर गोंदलेलं असायचंच, आणि प्रत्येकीचं वेगळं. तिसऱ्या फोटोतला हात मोठा करून बघा आणि ओट्यावरच्या दहावीचाही.

रावेरची केळी

माईंच्या ओळी वाचून डोळे भरले. आमचं गाव हतनूर धरणाच्या पाण्यात गेलं. घराचा म्हणून एकच फोटो आहे आणि त्यात घर दिसतच नाही, समोर उभे असलेले सात भाऊ दिसतात. दोन डोक्यांच्या मधून दाराच्या चौकटीचा एवढासा तुकडा. बाबा तोच तुकडा बोटाने दाखवून घर सांगायचे, इथे जातं, इथे माजघर, इथे मी पडलो होतो. त्यांच्या बहिणी का नाहीत फोटोत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, त्या आत स्वयंपाक करत होत्या.

फेरफार

दहावी मुलगी घरातली होती का, हे कागदावर तपासता येईल. आजोबा वारल्यावर वारस नोंद झाली असणार. गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे जमिनीच्या हक्कांतले बदल नोंदवायच्या वहीत, तो फेरफार काढा. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतर बापाच्या हिश्शात मुलींची नावं वारस म्हणून लागू लागली. पुढच्याच एखाद्या फेरफारात त्या मुलींनी हक्क सोडल्याचीही नोंद सापडेल. बऱ्याच आत्यांची नावं सरकारदरबारी तेवढी दोनदाच येतात, लागताना आणि निघताना. शिवाय गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. जन्मतारखेवर भरवसा ठेवू नका, गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. नाव मात्र खरं असतं.

गोदाकाठी

नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांची वही बघा. गाव आणि आडनाव सांगितलं की ते नेमकी वही काढतात. आम्हाला पणजोबांची सही मिळाली आणि खाली सगळ्या भावांची नावं. बहिणींची नव्हती.

तापीतीर

म्हणजे बहिणींच्या वाट्याला फोटोत स्वयंपाकघर, वहीत नाही, फेरफारात येऊन जाणं. त्या कार्डांची कड सोन्याची आहे ताई.

बोरीकाठ

फेरफार मिळाला. नऊ नावं, पाच भाऊ, चार बहिणी. दुसऱ्या फेरफारात चारही बहिणींची हक्कसोड. दहावं नाव नाही.

पण हात मोठा करून बघितला. तिसऱ्या फोटोतल्या मुलीच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर, तुळशीवृंदावनासारखं गोंदण आहे. आणि ओट्यावरच्या दहावीच्या हातावर त्याच जागी काळा डाग. एवढ्याशा फोटोत नक्षी कळत नाही, पण जागा तीच.

मग माईच्या ओळी पुन्हा वाचल्या. 'नये पैसे' आणि 'पूर्व खानदेश' असलेलं एक कार्ड, म्हणजे 1957 ते 60 च्या सुमाराचं. मजकूर कपाशीचा. कडेला लिहिलंय: 'सोनीच्या हातावर गोंदलं. ती रडली नाही. मी रडले.'

सोनी कोण, घरात कोणाला माहीत नाही.

याच तारेत एक पाकीट आहे, त्याबद्दलही विचारायचंय. आप्पांनी जिभाऊंना लिहिलेलं, पिनकोड असलेलं, म्हणजे आजी गेल्यानंतरचं. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवरून आप्पा आणि नानांचं बिनसलं होतं, ते सगळं त्यात आहे. शब्द कडक आहेत. दोघांचीही मुलं आज गुण्यागोविंदाने आहेत. वरची चार वाक्यं वाचून मी ते मिटून ठेवलं. हे सगळ्यांना पाठवायचं का?

कळण्याची भाकरी

नको. जी गेली ती माणसं उत्तर द्यायला नाहीत. भांडण त्यांच्याबरोबर गेलं, ते जाऊ द्या.

सुरतकर खानदेशी

पाठवू नका, पण फाडूही नका. आमच्याकडे एका काकांनी अशी पत्रं 'घराची शोभा' म्हणून चुलीत घातली. आता कोण कोणाला का बोलत नव्हतं याच्या पाच वेगवेगळ्या कथा आहेत आणि पाचही खोट्या असाव्यात.

धुळेकर

माझं मत वेगळं. मोठ्या कुटुंबात भांडण असतंच. नऊ जणांनी जन्मभर गोडच बोलायचं होतं अशी आठवण पोरांना दिली, तर आपल्या घरात जरा वाजलं की त्यांना वाटतं आपणच वाईट. मी असतो तर पाठवलं असतं. पण ताई, एवढं करा, पूर्ण वाचा तरी. चार वाक्यांत पत्र कळत नाही.

टपालप्रेमी

धुळेकरांच्या शेवटच्या वाक्याला दुजोरा. पत्रात महत्त्वाचं नेहमी शेवटी असतं, जागा संपत आली की.

आणि एक बघा, तारेत कोणाच्या मरणाचं पत्र आहे का? बऱ्याच घरांत दुःखाचं पत्र वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. त्यामुळे अशा संग्रहात जन्म सापडतात, लग्नं सापडतात, मृत्यू सापडत नाहीत.

बोरीकाठ

खरंय, एकही नाही. आजोबा गेल्याचंसुद्धा नाही.

आणि धुळेकर दादा, पत्र पूर्ण वाचलं. दोन पानं विहीर. शेवटी, सहीच्या वर: 'यंदाही अखाजीला सोनीकडे मुराळी म्हणून कोणी गेले नाही. आई असती तर असे झाले नसते. नाना जात नसेल तर आपण सांगावे, मी रजा काढतो.'

काल पेटी घेऊन धुळ्याला फुईकडे गेले. तिची नजर आता अधू आहे. म्हणून तिसऱ्या फोटोचा हात मोठा छापून नेला होता. तिने चेहरा बघितलाच नाही. गोंदणावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'हाई तर मन्ही बहीन शे.' मी म्हटलं, कोणती, तुम्ही चौघीच ना? तर मलाच रागावली.

सोनी आजोबांच्या बहिणीची मुलगी. ती तान्ही असताना तिची आई वारली. आजोबा गाडी जुंपून गेले आणि तिला घेऊन आले. तेव्हा तात्या आजीच्या अंगावर पीत होते. आजीने दोघांना वाढवलं, एकाला एका बाजूला, दुसरीला दुसऱ्या. पुढे त्या दोघांचं नेहमी भांडण, आणि भांडण झालं की तात्या म्हणायचे, माझं अर्धं दूध हिने प्यायलं. लग्न याच घरातून लावलं, गुजरातेत व्याऱ्याकडे दिली. पहिली काही वर्षं अखाजीला येत राहिली. मग आजी गेली. फुई म्हणाली, 'तिचं माहेर कोणी करायचं हे कोणी ठरवलंच नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा करेल.' आप्पा गेले का शेवटी, तिला आठवत नाही.

मग मीच विचारलं, पेटी वाटायची की ठेवायची. तिने सोनीआत्याचा तो साडीतला फोटो मागून घेतला आणि उशाशी ठेवला. बाकीचं काय करायचं ते करा म्हणाली, पण 'तिच्या घरी काहीतरी जाऊ द्या'.

रावेरची केळी

तात्यांच्या अर्ध्या दुधाचं वाचून हसले आणि लगेच रडले.

कळण्याची भाकरी

मी शेजारची म्हटलं होतं. पण तुम्ही ते पत्र वाचलंत हे फार बरं केलंत. मी 'जाऊ द्या' म्हणाले तरी माझं अर्धं मत आता धुळेकरांकडे. पाण्याच्या पाळ्या राहू द्या बाजूला, ती शेवटची तीन वाक्यं मात्र आप्पांच्या आणि नानांच्या, दोन्हीकडच्या मुलांना दाखवा. भांडण चालू असताना माणूस रजा काढून बहिणीला आणायला निघतो, हे आप्पांच्या नातवंडांना कळायला हवं.

फेरफार

सोनीबाई वारस नव्हत्या, म्हणून 6 नंबरला येणारच नव्हत्या. शाळेच्या रजिस्टरात मिळतील. शिकवलं असेल तर पालक म्हणून तुमच्या आजोबांचंच नाव असेल. तो उतारा काढून ठेवा, त्यांच्या मुलाबाळांना दाखवायला कागद लागेल.

तापीतीर

पहिल्या दिवशी मी 'एकत्रच ठेवा' म्हणालो होतो. पत्रांच्या बाबतीत अजूनही तेच म्हणतो. अक्षरांचा क्रम, कडेच्या ओळी, आप्पांचं पाकीट, हे एकमेकांशेजारी होतं म्हणून जुळलं. नऊ घरांत गेलं असतं तर सोनी कोणालाच सापडली नसती. फोटोंचं मात्र सुरतकर म्हणतात तसं करा.

सुरतकर खानदेशी

मान्य. तारेतलं एकही कार्ड हलवू नका. फोटो द्या, प्रत्येक घरी एक खरा.

फोटोवाला चाळीसगाव

आणि ओट्यावरच्या फोटोच्या दहा प्रती काढा, नऊ नव्हे. साध्या प्रिंटरवर नको, फोटो लॅबमधून चांगल्या कागदावर घ्या. फाईल मला पाठवलीत तर डाग काढून देतो, पैसे नकोत. हातावरचा डाग काढणार नाही.

बोरीकाठ

दादा, फाईल आज रात्री पाठवते. पत्रं एकत्र, माझ्याकडे, थंड खोलीत. फोटो घरोघरी. चुलतभावंडांना कळवलंय, कोणी नाही म्हटलेलं नाही. नानांच्या मुलाने आप्पांच्या पाकिटाची प्रत स्वतःहून मागितली, पूर्ण, विहिरीसकट. ती देणार आहे.

आता व्याऱ्याकडे कोणी ओळखीचं आहे का? फुईला सासरचं आडनाव आठवतं, गावाचं नाव अर्धवट आठवतं, नदीपलीकडे होतं आणि ताप्ती लाईनच्या (सुरत-भुसावळ) गाडीने जावं लागायचं एवढं नक्की.

सुरतकर खानदेशी

माझे साडू व्याऱ्यालाच असतात, दुकान आहे, आसपासच्या गावांत ऊठबस आहे. आडनाव इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोपात पाठवा. रविवारी तिकडे जातोय, विचारून घेतो.